घरी सात मीटरवर एअर रायफलचा सराव: टारगेट कोणतं लावू?

पाटाखालची_मांजर

नमस्कार मंडळी. धागा योग्य विभागात काढलाय का माहीत नाही, नसेल तर हलवा.

मुलगी आठवीत आहे, गेल्या दिवाळीपासून एअर रायफल शिकते (पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून बघून नेम धरायची; गोळी ४.५ मिमी). क्लब लांब आहे, आठवड्यातून तीनच दिवस जाणं होतं. बाकीचे दिवस घरी सराव करू दे असा तिचा हट्ट. 'घरात बंदूक' ही गोष्ट सासूबाईंच्या पचनी पडायला चार महिने लागले, पण आता पडलीय. हॉल आणि पुढचा पॅसेज मिळून सरळ रेष नऊ मीटरला थोडी कमी भरते. गोळ्या अडवायची मागची पेटी आणि तिची उभी राहायची जागा सोडली की सात मीटर उरतात.

ऑनलाइन टारगेटच्या शंभर कार्डांची गड्डी मागवली. काही कार्डांवर मधला ठिपका चक्क बाजूला सरकलेला आहे, आणि पेलेट (शिशाची छोटी गोळी) लागली की भोक पडण्याऐवजी कागद फाटतो. क्लबच्या कार्डावर कसं पंच मारल्यासारखं गोल भोक पडतं.

विचारायचं असं की १० मीटरचंच कार्ड सात मीटरवर लावलं तर चालतं का? की मोठ्या काळ्या गोलाचं घ्यावं, म्हणजे पोरीचा उत्साह टिकेल? सध्या घरी ४० गोळ्यांत ४०० पैकी ३७८ च्या आसपास येतात आणि क्लबात ३६०. सर म्हणतात, क्लबात घाबरते. ती म्हणते, अजिबात घाबरत नाही. मी कुणाचं ऐकू?

उनाड_पाखरू

कार्डाबिर्डाच्या नादी कशाला लागता? दोरीला बाटलीची झाकणं टांगा, रिकामे डबे ठेवा. लागलं की टण्ण आवाज येतो, पोरं खूश. आम्ही मामाच्या गावी असेच शिकलो. चिंचा पाडायचो. (कावळ्यांवरही मारायचो, ते आता सांगायची सोय नाही.)

तिरपागडा

कावळ्यांचं सांगू नकाच. कायदा काहीही म्हणो, ते वाईटच.

पण टण्ण आवाजावरून जत्रेतला फुग्यांचा स्टॉल आठवला. लाकडी फळीवर रंगीत फुगे, पुढे नळी वाकडी असलेली बंदूक, दहा रुपयांत पाच छर्रे. फुगा फुटला की आपण अर्जुन. नाही फुटला तर छर्रा डावीकडून गेला की वरून, काही म्हणजे काही कळत नाही. वीस वर्षं दर जत्रेत फुगे फोडलेत, नेमबाजी तसूभर सुधारली नाही. डबा आणि झाकण यांचंही तेच. लागलेलं सांगतात, चुकलेलं लपवतात. कागद चुकलेलं दाखवतो. शिकणाऱ्याला त्याचाच उपयोग.

दहा_पूर्णांक_एक

तिरपागडा, +१. मी राज्य पातळीपर्यंत खेळलोय, आता फक्त गुडघा दुखतो. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी कार्ड समजून घ्या. १० मीटर एअर रायफलचं कार्ड ८० बाय ८० मिमी. मधला दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमी, म्हणजे पूर्णविरामाएवढा. नऊचं वर्तुळ ५.५ मिमी, आठचं १०.५ मिमी, आणि असंच पाच-पाच मिमीने वाढत एकचं वर्तुळ ४५.५ मिमी. चारपासून आत काळं, त्याचा व्यास ३०.५ मिमी. पेलेट मात्र ४.५ मिमीची. म्हणजे ठिपक्यापेक्षा गोळी नऊपट रुंद. भोकाची कड रेषेला नुसती टेकली तरी वरचा गुण मिळतो, म्हणून पेलेटचा मध्य कार्डाच्या मध्यापासून अडीच मिमीपर्यंत सरकला तरी दहा. दशांशात गुण मोजले तर सगळ्यात वरचा १०.९, आणि प्रत्येक पाव मिमीला एक दशांश कमी. १०.९ हवा असेल तर मध्यापासून पाव मिमीच्या आत.

हे सगळं दहा मीटरसाठी आखलंय. तेच कार्ड सात मीटरवर लावलंत की परीक्षा तीच राहिली आणि पेपर सोपा झाला.

दुसरं, नजरेचं. पीप साइटमधून बघून नळीच्या टोकावरच्या रिंगमध्ये काळा गोल बसवायचा आणि त्याभोवती पांढरी कड सगळीकडून सारखी ठेवायची, हाच सगळा खेळ. सात मीटरवर ३०.५ मिमीचा काळा तिला दहा मीटरवरच्या जवळजवळ दीडपट दिसतो. मग पांढरी कड बारीक होते. घरी एक चित्र, क्लबात दुसरं. तीन दिवस एक सवय, चार दिवस दुसरी. मला विचाराल तर गुणांपेक्षा हे जास्त घातक.

मोठा काळा घेऊन उत्साह टिकवण्याबद्दल: नका. उत्साह टिकवायला वडापाव द्या.

पाटाखालची_मांजर

वडापाववर पोरीची सही मिळाली. :)

मग सात मीटरसाठी कार्ड लहान करायचं ना? झेरॉक्सवाल्याला ७० टक्के कर म्हटलं की झालं?

त्रैराशिक

थांबा, झेरॉक्सवाल्याकडे पळू नका. काळा गोल ७० टक्के करा, बरोबर आहे: ३०.५ × ०.७ = २१.३५ मिमी. नजरेचा प्रश्न तिथे मिटला. वर्तुळं मात्र नुसती ७० टक्के करून चालत नाहीत, कारण पेलेट काही ७० टक्के होत नाही. ती ४.५ मिमीचीच.

हिशोब असा. वर्तुळाच्या व्यासात पेलेटचा व्यास मिळवा, त्याचे ७० टक्के करा, मग पेलेट परत वजा करा.

नऊ: ५.५ + ४.५ = १०. त्याचे ७. त्यातून ४.५ गेले, उरले २.५ मिमी.
आठ: १५ चे १०.५. उरले ६ मिमी.
दहा: ०.५ + ४.५ = ५. त्याचे ३.५. त्यातून ४.५ गेले... उणे १!

उणे एक मिमीचं वर्तुळ काढायचं कसं? त्याचा अर्थ असा लावायचा: मध्यावर १ मिमीचा ठिपका काढा. त्याला भोक नुसतं टेकून चालणार नाही, तो ठिपका पूर्ण गिळला गेला पाहिजे. कुठूनही कड डोकावली तर नऊ. पाच मीटरवर आणखी गंमत. तिथे नऊचं वर्तुळ बरोबर ०.५ मिमी येतं. म्हणजे दहा मीटरचं मूळ कार्ड पाच मीटरवर लावून ज्याला तुम्ही 'दहा' म्हणून टाळ्या वाजवता तो खरा नऊसुद्धा असू शकतो. तिथे दहासाठी २ मिमीचा ठिपका पूर्ण गायब व्हायला हवा.

आता तुमच्या ३७८ आणि ३६० कडे वळू. ३६० म्हणजे गोळीमागे सरासरी एक गुण गेला. गोळ्या मध्याभोवती नेहमीसारख्या विखुरल्या असं धरलं तर पेलेटचा मध्य सरासरी पावणेचार मिमी दूर पडतोय. तोच हात, तीच चूक सात मीटरवर सुमारे २.६ मिमी होते. मूळ कार्डावर त्याचे गुण काढले तर किती येतात? ३७८. मी दोनदा मांडून बघितलं.

मुलगी क्लबात घाबरत नाही. घरचं कार्ड तुमची फसवणूक करतंय.

पाटाखालची_मांजर

मी हे सगळं तिला वाचून दाखवलं. "मी सांगत होते ना!" असं म्हणून दार आपटून गेली. पाच मिनिटांनी परत येऊन विचारते, "मग माझं खरं किती?" ३६०च, म्हटलं. परत दार आपटलं.

दहा_पूर्णांक_एक

त्रैराशिक, साष्टांग. पंधरा वर्षं खेळलो, हे उणे एकचं गणित कुणी सांगितलं नव्हतं. खऱ्या कार्डावरही अशीच एक गोष्ट आहे बघा. आतला दहा (इनर टेन, म्हणजे दहातलाही अगदी मधला) मोजताना तो ०.५ चा ठिपका पूर्ण उडालाय का हेच बघतात. तुमच्याच पद्धतीने मांडलं तर तो १०.२ आणि वर येतो.

शाईचा_डाग

माझा छापखाना आहे, नेमबाजीतलं ओ की ठो कळत नाही. पण कार्डाबद्दल बोलू शकतो.

घरी छापणार असाल तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'फिट टू पेज' असतं ते बंद करा, नाहीतर तो आपल्या मनाने तीन-चार टक्के लहान करतो आणि त्रैराशिकभाऊंचं सगळं गणित पाण्यात. छापून झाल्यावर स्टीलच्या पट्टीने काळा गोल आडवा आणि उभा, दोन्ही मोजा. स्वस्त प्रिंटर कागद ओढताना एका दिशेने ताणतात, गोल अंडाकृती होतो. ए-फोरवर ८० मिमीची सहा कार्डं आरामात बसतात.

कागद: साधा ८० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन ८० ग्रॅम) झेरॉक्स कागद फाटणारच. १६० ते २०० जीएसएमचा मॅट कार्डशीट घ्या. आर्ट पेपर अजिबात नको, दिवा पडला की काळा भाग चकाकतो. लेझर प्रिंटचा गडद काळासुद्धा थोडा चमकतो, इंकजेटचा कमी.

तुमच्या ऑनलाइन गड्डीत ठिपका सरकलाय तो दोन वेळा छपाई केल्यामुळे असेल. वर्तुळं एका फेरीत, काळा दुसऱ्या फेरीत, आणि मधे कागद हलला.

दहा_पूर्णांक_एक

शाईचा_डाग यांना जोड. कागद चांगला असूनही फाटत असेल तर दोन गोष्टी बघा. एक, पेलेट सपाट तोंडाची आहे ना? टोकदार किंवा घुमटाकार पेलेट कागद ढकलते आणि फाडते, सपाट तोंडाची कापते. दुसरं, कार्डाच्या मागे जाड पुठ्ठा घट्ट चिकटलेला असू दे. हवेत लोंबकळणारं कार्ड फाटतंच.

उजेडाचंही बघा. स्पर्धेत १० मीटरच्या टारगेटवर कमीत कमी १५०० लक्स उजेड लागतो. घरातल्या ट्यूबलाइटखाली त्याच्या आसपासही काही नसतं. कार्डावर एक एलईडी स्पॉट सोडा, पण तिच्या डोळ्यात येणार नाही असा.

मास्तर_निवृत्त

धागा वाचतोय, मजा येतेय. पण सगळे गुणांमागे धावताहेत म्हणून माझे दोन पैसे. मी तीस वर्षं पोरांना शिकवलं.

टारगेट निवडताना आधी ठरवा, आज काय तपासायचंय. माझ्या पोरांना पहिले कित्येक दिवस मी वर्तुळं दाखवतच नसे. कार्ड उलटं लावायचं. कोरा पांढरा कागद, त्यावर काहीच नाही. मार पाच गोळ्या. सुरुवातीला पोरं गोंधळतात, "सर, नेम कुठे धरू?" कुठेही नको, कागदाच्या मध्यावर अंदाजे. रायफल शांत ठेव, ट्रिगर सरळ मागे घे, गोळी सुटल्यावरही तसाच उभा राहा. कोऱ्या कागदावर पाच भोकांचा जो घोळका पडतो तो त्या पोराचा खरा चेहरा. पुढे काळा गोल आला की बहुतेकांचा घोळका पसरतो. कारण ते पुढच्या रिंगकडे बघायचं सोडून टारगेटकडे बघतात आणि "आता!" म्हणून ट्रिगर खेचतात. कोऱ्या कागदावर घोळका लहान आणि काळ्यावर मोठा आला की दुखणं हातात नाही, डोळ्यात आणि घाईत आहे हे समजायचं.

ओपन साइटवाल्या (भोकाऐवजी उघड्या खाचेतून नेम धरणाऱ्या) नवशिक्यांना मी काही दिवस एअर पिस्तुलाचं कार्ड देत असे. तिथे दहाचं वर्तुळ ११.५ मिमी आणि काळा ५९.५ मिमी. साध्या साइटला तो सोसतो. पीप साइटच्या मुलीला त्याची गरज नाही.

कोरा कागद कंटाळवाणा वाटला की दुसरा खेळ. गोळी मारल्यावर दुर्बिणीत किंवा कार्डाकडे बघायच्या आधी तिने तोंडाने सांगायचं, "दोन वाजता, नऊ." मग बघायचं. वहीत दोन रकाने: सांगितलेलं आणि निघालेलं. ज्या दिवशी हे दोन्ही जुळायला लागतील त्या दिवशी गुण आपोआप वर येतील, मागे लागावं लागणार नाही.

बिनआवाजी

सर, इलेक्ट्रॉनिक टारगेटबद्दल काय मत? आमच्या क्लबात पोरं स्क्रीनला चिकटून असतात. १०.४ आला की चेहरा खुलतो, ९.८ आला की पडतो.

मास्तर_निवृत्त

वाईट म्हणणार नाही. स्पर्धा आता त्याच्यावरच होतात, ६० गोळ्या आणि ७५ मिनिटं, त्याची सवय हवीच. कागदावर दशांश मोजणं माणसाच्या डोळ्याचं कामही नाही. एक काळ असा होता की पूर्ण गुणांत सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० मारले होते. चाळीसच्या चाळीस दहा! त्याच्या पुढे मोजायला गुणच उरले नव्हते. २०१३ पासून एअर रायफलच्या पात्रता फेरीतही दशांश आले, मग १०.१ आणि १०.८ यांत फरक पडायला लागला.

पण शिकताना स्क्रीनवर रुमाल टाका. दहा गोळ्या झाल्या की काढा. मी खरोखर टाकत असे. एका पोराच्या आईने तक्रार केली होती की सर टारगेट बघू देत नाहीत.

कोल्हापुरी_ठसका

आमच्या कोल्हापूरचा विषय निघाल्याशिवाय नेमबाजीचा धागा पुरा कसा होईल? तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची (झोपून मारायच्या प्रकाराची) विश्वविजेती, आणि २०२४ ला स्वप्नील कुसळेचं पॅरिस ऑलिम्पिकचं कांस्य, अंतिम फेरीत ४५१.४. त्या दिवशी आमच्या गल्लीत साखर वाटली.

माझा प्रश्न: मला ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) करायचंय, पण पॉइंट टू-टू (५.६ मिमी गोळीची रायफल) ला रेंजवर महिन्यातून दोनदाच जाता येतं. १० मीटरवर एअर रायफलने गुडघ्यावर आणि झोपून सराव करतो. १० मीटरचंच कार्ड चालेल का?

त्रैराशिक

तुम्हाला तर ते कार्ड मोठं पडेल. ५० मीटरचा काळा ११२.४ मिमी. पाचाने भागा, २२.५ मिमी आला. म्हणजे ५० मीटरचा काळा डोळ्याला एअर रायफलच्या काळ्यापेक्षा बराच लहान दिसतो. दहाही कडक आहे. १०.४ मिमीचं वर्तुळ आणि ५.६ मिमीची गोळी, म्हणजे मध्यापासून ८ मिमीपर्यंत दहा. १० मीटरवर ते होतात १.६ मिमी. एअर रायफलच्या दहाला अडीच मिळतात. तेव्हा २२.५ मिमीचा काळा छापा, मधे १.३ मिमीचा ठिपका, आणि तो पूर्ण गिळला तरच दहा.

कोल्हापुरी_ठसका

१.६?? आता कळलं झोपून मारताना इतका आनंद का व्हायचा. उद्यापासून रडणार.

सावध_ऐका

घरी सराव म्हटल्यावर एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. परवाना लागत नाही म्हणून एअर रायफल खेळणं होत नाही. १७० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास वेगाने शिशाची गोळी सुटते, डोळा जातो.

मांजरताई, पॅसेजमध्ये मधे कुठलं दार उघडतं का? असेल तर सराव चालू असताना त्याला आतून कडी, आणि घरातल्या सगळ्यांना ते माहीत. टारगेटच्या मागे पेटी कसली आहे? पुढे झुकलेला जाड पत्रा आणि खाली गोळ्या साठायला जागा असली तर उत्तम. नाहीतर जाड प्लायच्या पेटीत जुनी चादर आणि वर्तमानपत्रांचा घट्ट गठ्ठा. आणि पेटी कार्डापेक्षा बरीच मोठी हवी. कार्ड चुकलेली गोळीही तिच्यातच गेली पाहिजे.

उनाड_पाखरू यांचे डबे, काचेच्या बाटल्या, दगड, भिंतीला टेकवलेलं काहीही घरात नको. कडक, वाकड्या पृष्ठभागावरून गोळी कुठे उडेल सांगता येत नाही. डोळ्यांना गॉगल सगळ्यांनी, बघणाऱ्यांनीही. सराव झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय खायचं नाही, शिसं आहे ते. वडापावसुद्धा त्यानंतरच.

उनाड_पाखरू

मान्य ताई. माझ्या मामाच्या भावाच्या कपाळावर अजून खूण आहे. तेव्हा आम्ही घरी 'पडला' म्हणून सांगितलं होतं.

दहा_पूर्णांक_एक

अजून एक राहिलं. सात मीटरवर आणि दहा मीटरवर साइटचे क्लिक (नेम सरकवायच्या स्क्रूचे टप्पे) वेगळे लागतील. साइट नळीच्या वर असते, त्यामुळे अंतर बदललं की गोळी वर-खाली सरकते. घरचे क्लिक आणि क्लबचे क्लिक रायफलच्या पेटीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. नाहीतर दर वेळी पहिल्या दहा गोळ्या झिरो करण्यात, म्हणजे साइट जुळवण्यात, जातील.

आणि खरं सांगू? घरच्या चार दिवसांतले दोन दिवस गोळीच नको. रायफल रिकामी आहे हे दोनदा तपासून ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय नुसता नेम धरून ट्रिगर दाबायचा. भिंतीवर तो २१.३५ मिमीचा काळा, बस. आम्ही सगळे त्याच्यावरच वाढलो.

पाटाखालची_मांजर

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय. वृत्तांत द्यायचं कबूल केलं होतं.

कार्डं १८० जीएसएम मॅटवर छापून आणली. पहिल्या फेरीत काळा २०.८ मिमी आला, 'फिट टू पेज' चालूच राहिलं होतं (शाईचा_डाग, तुमची आठवण काढली). दुसऱ्या फेरीत २१.३ आला. मध्यावर १ मिमीचा ठिपका. पॅसेजच्या दाराला कडी, पेटी प्लायची, आत सासूबाईंची जुनी सोलापुरी चादर. त्यांनी स्वतः काढून दिली.

आता घरी ३५८ ते ३६३. पहिल्या दिवशी रडारड झाली. चौथ्या दिवसापासून दोन दिवस ड्राय फायर, एक दिवस कोरा कागद आणि एक दिवस छापलेलं कार्ड असं बसवलंय. मास्तर, कोऱ्या कागदावरचा तिचा घोळका काळ्यावरच्यापेक्षा लहान निघाला. तुम्ही लिहिलंत तेच. क्लबातल्या सरांना दाखवला, तेही आता घाबरण्याचं बोलत नाहीत.

वहीतले 'सांगितलेलं' आणि 'निघालेलं' हे रकाने सासूबाई भरतात. नात गोळी मारते, "चार वाजता, नऊ" म्हणते, मग रायफल खाली ठेवून कार्ड आणून देते. आजी चष्म्यावर भिंग धरून ठिपका बघतात. काल पोरगी म्हणाली, "आजी, हा गेला की पूर्ण, दहा दे ना." आजींनी कार्ड उजेडाकडे धरलं, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि लिहिलं, नऊ.